वह्या पूर्ण, पेपर कोरा: नववीतल्या मुलाचा गृहपाठ नेमका कुठे वाया जातो?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा नववीत, सेमी-इंग्रजी. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की दोन्हीकडचा गृहपाठ, रात्री साडेअकरापर्यंत लिहिणं चालू. वह्या सगळ्या पूर्ण, शेरे चांगले. तरीही पहिल्या सत्रात गणित भाग १ मध्ये ४० पैकी १३ आणि भाग २ मध्ये ११. तुम्ही कामावरून नऊला घरी येता, त्याच्या आईचं शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे घरात गणित सांगणारं कुणी नाही. क्लासचे सर म्हणतात सराव कमी पडतोय, सकाळची बॅचही लावा. शाळेतल्या बाई म्हणतात मुलगा गुणी आहे, वही कधी अपुरी नसते. तुम्ही विचारताय की गृहपाठ वाढवायचा, का हे सगळं थोतांड आहे असं समजून बंद करायचं.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, वीसेक वर्षं झाली. तुमच्या मुलासारखी दोन-चार मुलं प्रत्येक तुकडीत असतात. ती दंगा करत नाहीत, वही वेळेवर देतात, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत. माझं मत आधीच सांगते: सकाळची बॅच लावू नका. गृहपाठ बंदही करू नका. किती तास बसतो हा प्रश्न पुढचा. त्या तासांत तो गणित सोडवतोय की उतरवतोय, हे आधी बघायला हवं. 'आमचा मुलगा कॉपी करत नाही हो' असं लगेच म्हणू नका. मी मित्राच्या वहीतून छापण्याबद्दल बोलत नाहीये. फळ्यावरचं, गाईडमधलं किंवा क्लासच्या नोट्समधलं सोडवलेलं उदाहरण समोर उघडं ठेवून, त्यातले आकडे बदलत पुढचं उदाहरण लिहिणं, हेही उतरवणंच. प्रामाणिक मुलंही हे करतात आणि त्यांना वाटतं आपण अभ्यास केला.

हे तपासायला गणित येण्याची गरज नाही. रविवारी त्याची गणिताची वही आणि पहिल्या सत्राची उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवा. शाळा उत्तरपत्रिका घरी देत नसेल तर शिक्षकांना विचारून तिथेच बसून बघा, नाही म्हणत नाहीत. वहीत दोन चलांतील रेषीय समीकरणांचा सरावसंच शोधा. तिथे साधारण असं काही असेल: ५क्ष − ३य = ८ आणि ३क्ष + य = २. खाली दुसऱ्या समीकरणाला ३ ने गुणलंय, दोन्हींची बेरीज घेतलीय, १४क्ष = १४, म्हणून क्ष = १, मग य = −१. सुबक अक्षर, पट्टीने ओढलेली रेघ, शेजारी लाल बरोबर. आता उत्तरपत्रिकेत त्याच प्रकरणावरचं शाब्दिक उदाहरण बघा. सहलीला गेलेल्या मुलांची आणि मोठ्यांची तिकिटं, एकूण माणसं इतकी, एकूण रक्कम इतकी, तर मुलं किती? बहुतेक वेळा अशा जागी प्रश्नातले आकडे पुन्हा लिहिलेले असतात, 'समजा' असा एक शब्द असतो आणि पुढे कोरं.

वहीत त्याला सुरुवात करावीच लागली नव्हती. वरती सरावसंचाचं शीर्षक होतं, म्हणजे कोणती रीत वापरायची ते ठरलेलं. मागच्या पानावर नमुना उदाहरण होतं, म्हणजे पहिली ओळ कशी लिहायची तेही ठरलेलं. उरली फक्त गुणाकार-बेरीज, ती त्याने चोख केली. पेपरात मात्र पहिली ओळ स्वतः सुचावी लागते, आणि त्या एका गोष्टीचा सराव त्याने एकाही रात्री केलेला नाही. शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून कितीही वर्षं गावभर फिरलं तरी हँडल हातात आलं की गडबडायला होतं, त्यातला प्रकार.

आता उत्तरपत्रिकेवर पेन्सिलने एक काम करा. जिथे जिथे गुण गेले तिथे चारपैकी एक खूण करा. काहीच लिहिलं नाही किंवा फक्त आकडे उतरवले, तिथे 'को', म्हणजे कोरं. सुरुवात बरोबर, पण चिन्ह चुकलं, अपूर्णांक चुकला, वजाबाकी चुकली, तिथे 'चु'. प्रश्नच कळला नव्हता असं मुलगा सांगतो, तिथे 'भा', म्हणजे भाषा. येत होतं पण वेळ संपला, तिथे 'वे'. मुलाला शेजारी बसवूनच करा, आणि त्या वेळी रागवायचं नाही. रागावलात तर सगळीकडे 'वेळ संपला' हेच उत्तर मिळेल. कोणती खूण जास्त पडते त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि ती न बघता मी किंवा दुसऱ्या कुणी 'अमुक करा' म्हणून सांगितलं तर तो अंदाजपंचे सल्ला होईल.

'चु' जास्त असतील तर नववीचा सराव वाढवून काही होणार नाही. चूक सहावी-सातवीतली आहे. ऋण संख्यांची वजाबाकी, अपूर्णांकांची बेरीज, कंस सोडवताना चिन्ह बदलणं, भागाकार. हा फक्त तुमच्या घरचा प्रश्न नाही. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं होतं. ते जमलं साधारण ४३ टक्के मुलांना. तेव्हा लाजण्यासारखं काही नाही, पण झाकण्यासारखंही नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. सातवीचं गणिताचं पुस्तक उघडा आणि रोज दहा मिनिटं तेवढंच, महिना-दोन महिने. नववीतल्या मुलाला सातवीचं पुस्तक हातात धरायची लाज वाटते. त्याला सांगा की ते घरातच राहणार आहे.

'भा' हा सेमीच्या मुलांचा खास आजार. शाळेत बाकी सगळं मराठीत चालतं, गणित-विज्ञान इंग्रजीत, आणि शिक्षकही समजावताना मराठीतच समजावतात. त्यामुळे वर्गात कळतं आणि पेपरात 'एक्सीड्स बाय', 'रिस्पेक्टिव्हली', 'अॅट मोस्ट' असे शब्द आले की गाडी अडते. याची परीक्षा अगदी सोपी: त्याला न आलेलं एक शाब्दिक उदाहरण कुणाकडून तरी मराठीत सांगून घ्या, भाचा, पुतणी, शेजारचा कॉलेजातला मुलगा, कुणीही. मराठीत ऐकल्यावर सुटलं तर त्याला गणित येतंय, फक्त प्रश्न वाचता येत नाहीये. अशा मुलाने रोज एकच शाब्दिक उदाहरण घ्यावं, सोडवायचं नाही, फक्त 'काय दिलंय, काय विचारलंय' एवढं मराठीत दोन ओळींत लिहायचं. मी हे माझ्या वर्गात करून घेते, आणि ज्यांना गणितच येत नाही असं सगळे समजत होते त्यातली काही मुलं यातून मोकळी झालेली पाहिली आहेत.

'वे' असेल तर नववीत फार काळजी नको, पण एक हिशोब त्याच्या डोक्यात घाला. गणिताच्या एका भागाचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. घरी दोन गुणांच्या उदाहरणाला वीस मिनिटं लागत असतील तर ते येतं असं म्हणता येत नाही.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला वाटतं 'को' जास्त निघतील. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

रात्रीचा अभ्यास उलट्या क्रमाने लावायचा. आत्ता तो आधी नमुना बघतो, मग लिहितो, मग वही मिटून झोपतो. याऐवजी बसल्या बसल्या पहिली पंधरा मिनिटं वही-पुस्तक-मोबाइल सगळं बंद. एक पाठकोरा कागद घ्यायचा. त्यावर काल केलेल्या गृहपाठातलं एक उदाहरण, मागच्या आठवड्यातलं एक आणि जुन्या कुठल्यातरी प्रकरणातलं एक. तिन्ही आठवून सोडवायची. अडलं तर अडलं. पहिली ओळ तरी लिहायचीच, चुकीची का असेना. पंधरा मिनिटं झाली की मग वही उघडून लाल पेनाने स्वतः तपासायचं. सुरुवातीला तिन्हीपैकी एकही सुटणार नाही आणि मुलगा म्हणेल, 'मला काहीच येत नाही.' त्याला तसं वाटू द्या, पण थांबू देऊ नका. त्याला येत नाही हे परीक्षेच्या दिवशी कळण्यापेक्षा मंगळवारी रात्री कळलेलं बरं, कारण बुधवारी विचारता येतं.

याला माझ्या अनुभवापलीकडचा आधारही आहे. रोएडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. काहींनी एक उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. तुमच्या मुलाचं हेच चाललंय. रात्री वही मिटताना त्याला सगळं येत असतं, आणि ते खोटंही नसतं. फक्त परीक्षा रात्री अकराला नसते.

तीन उदाहरणं तीन प्रकरणांतली का, तर रोरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ साली घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं देऊन असंच तपासलं होतं. एका गटाला एका प्रकारची सगळी उदाहरणं सलग, दुसऱ्या गटाला चारही प्रकार मिसळून. सराव चालू असताना सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले फक्त ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. आपल्या पुस्तकात प्रत्येक सरावसंच एकाच रीतीचा असतो. शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह मिसळलेला असतो, पण तोही त्या एका प्रकरणापुरताच. पेपर सगळ्या प्रकरणांचा असतो. तेव्हा मिसळणं घरी करावं लागतं. जुन्या प्रकरणांतल्या उदाहरणांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि रोज एक चिठ्ठी काढायला सांगा. हे काम त्याची आई करू शकते, सातवी शिकलेली असो की न शिकलेली.

आईचा विषय निघालाच आहे तर सांगते. तुम्ही लिहिलंत की घरात मदत करणारं कुणी नाही. गणित समजावणारं कुणी नाही, एवढंच खरं आहे. त्या पंधरा मिनिटांत वही खरंच बंद आहे ना, हे बघायला गणित लागत नाही. इतिहास, भूगोल, विज्ञानाची व्याख्या किंवा कारणं तर त्याने आईला तोंडी सांगावीत, ती पोळ्या करत असताना. तिने फक्त 'म्हणजे काय?' आणि 'का?' एवढे दोनच प्रश्न विचारायचे. स्वतः शिक्षक असलेले पालक अर्ध्यात तोंड घालून उत्तर देऊन टाकतात; ज्यांना उत्तर माहीत नाही ते शेवटपर्यंत ऐकतात. हे मी पालकसभेत सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतेय. तसं नाही.

पंधरा मिनिटांनंतर शाळेचा गृहपाठ. इथेही एक नियम: नमुना उदाहरण वाचायचं, समजून घ्यायचं, पुस्तक पालथं घालायचं आणि मग लिहायचं. अडलं की पुस्तक उचलून एक ओळ बघायची, पुन्हा पालथं. जिथे पुस्तक उचलावं लागलं तिथे समासात टिंब. टिंबं असलेली उदाहरणं दुसऱ्या दिवशीच्या पंधरा मिनिटांत आपोआप येतात. दहा उदाहरणं दिली असतील आणि वेळ संपला, सातच झाली, तर सातच. उरलेली तीन गाईडमधून उतरवून वही 'पूर्ण' करायची नाही. हे त्याला सगळ्यांत जड जाईल, कारण त्याची आजवरची सगळी शाबासकी पूर्ण वहीवर मिळालेली आहे. फोटो काढला की सगळ्या पायऱ्या दाखवणारी अॅप्स आणि चॅटजीपीटी यांचंही तेच: आधी स्वतः झगडायचं, मग फक्त अडलेली पायरी विचारायची.

आता शाळेची बाजू मांडते, कारण मी त्याच बाजूची आहे. तुम्हाला प्रश्न पडला असेल की रोज वही तपासणाऱ्या शिक्षकांना हे दिसत कसं नाही. एका तुकडीत साठ मुलं, एका शिक्षकाकडे तीन तुकड्या. वह्या झाल्या १८०. एका वहीला दोन मिनिटं दिली तर सहा तास. तासिका, पेपर तपासणं, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं हे सगळं वेगळं. म्हणून बहुतेक ठिकाणी तपासणी म्हणजे पान भरलंय का एवढं बघून केलेली सही असते. शिवाय राज्य मंडळाच्या दहावीला गणिताचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे, त्यात गृहपाठालाही गुण आहेत. त्यामुळे वही पूर्ण असण्याला शाळेच्या लेखी किंमत आहेच, आणि ती तुम्हीही टिकवायला हवी. म्हणून बाईंना भेटून सरळ सांगा: 'तो सगळी उदाहरणं उतरवण्यापेक्षा सहा-सात स्वतः करणार आहे, अडलेल्याला टिंब असेल, चालेल का?' माझ्याकडे असं कुणी आलं तर मी खूश होते. टिंब असलेली वही तपासायला मला सोपी जाते. कुठे बघायचं ते कळतं. मी स्वतः आता वह्यांवर भिस्त ठेवत नाही. मागच्या आठवड्याच्या गृहपाठातली दोन उदाहरणं सोमवारी चौथाई कागदावर वही न बघता सोडवायला देते, शेजाऱ्याशी कागद बदलून तिथल्या तिथे तपासतो. दहा-बारा मिनिटांत कुणाचा गृहपाठ कुणी केला ते सगळ्यांना कळतं.

आणि क्लास. तुमचा क्लास वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही तो. पण क्लास आणि शाळा दोन्हीकडे एकाच प्रकरणाचा गृहपाठ असेल तर तो तीच उदाहरणं दोन वह्यांत लिहितोय. क्लास एक प्रकरण पुढे असेल तर आणखी गंमत: शाळेत त्याला वाटतं 'हे झालंय', म्हणून लक्ष देत नाही, आणि क्लासमध्ये पहिल्यांदा ऐकलेलं असल्यामुळे अर्धंच कळलेलं असतं. क्लासच्या सरांना दोन गोष्टी विचारा. शाळेची वहीच क्लासचा गृहपाठ म्हणून चालेल का? आणि रविवारच्या टेस्टमध्ये मागची प्रकरणं मिसळून येतात का, की फक्त त्या आठवड्याचंच? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'फक्त आठवड्याचं' असेल तर तिथले चांगले मार्क बघून हुरळून जाऊ नका. सकाळच्या बॅचबद्दल विचारलंत म्हणून: त्या बॅचमध्ये तो आणखी एका फळ्यावरून आणखी एका वहीत उतरवेल. आणि ती बॅच झोपेतून वेळ काढणार.

झोपेबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण साडेअकरा हा आकडा वाचून मला तिथेच थांबावंसं वाटलं. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली १३ ते १८ वयासाठी आठ ते दहा तास झोप सांगितली. सकाळची शाळा असेल तर तुमचा मुलगा जेमतेम सहा तास झोपत असणार. पहिल्या दोन तासांना पेंगणारी मुलं मी रोज बघते, आणि नेमका गणिताचा तास बहुतेक शाळा सकाळीच ठेवतात.

गृहपाठ वाढवायचा का, म्हणजे किती वेळ बसावं, या तुमच्या मूळ प्रश्नाकडे आता येते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात नववी ते बारावीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ असं म्हटलंय. शाळा ते पाळतात की नाही हा भाग वेगळा, पण आकडा अडाणी नाही. ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेत १९८७ ते २००३ या काळात झालेल्या संशोधनाचा आढावा घेतला. सातवी ते बारावीत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध प्राथमिकपेक्षा बराच स्पष्ट दिसला, मात्र हायस्कूलमध्येही दोन तासांच्या आसपास गेल्यावर फायदा थबकतो असं कूपर सांगतात. पिसा या अनेक देशांत होणाऱ्या शालेय चाचणीच्या वेळी २०१२ साली पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: शांघायची मुलं आठवड्याला जवळजवळ १४ तास गृहपाठ करत होती, फिनलंड आणि कोरियाची तीनेक तास, आणि तिन्ही ठिकाणचे गुण उत्तमच होते. (कोरियात खासगी क्लासचं प्रस्थ आपल्यापेक्षाही मोठं आहे, तो वेळ त्या तीन तासांत धरलेला नाही, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वापरावा.) जर्मनीतले संशोधक ट्राउटवाइन यांच्या अभ्यासांत तर घरी जास्त वेळ लावणारी मुलं पुढे नव्हती, मन लावून करणारी होती.

हे सगळे आकडे परदेशातले आहेत. त्या २०१२ च्या पिसात भारत नव्हताच. शिवाय अशा पाहण्यांत एक अडचण कायम असते: गृहपाठ जास्त करणाऱ्या मुलांच्या घरी बहुधा स्वतंत्र खोली, शिकलेले पालक आणि निवांतपणाही जास्त असतो, मग गुण कशामुळे आले हे सांगणं कठीण जातं. पण तुमच्या मुलाबाबत कल स्पष्ट आहे. साडेअकरापर्यंतच्या लिहिण्यातला शेवटचा दीड तास त्याला काही देत नाहीये. माझ्या मते क्लास असलेल्या दिवशी घरी दीड तास, क्लास नसलेल्या दिवशी दोन. साडेनऊला वही बंद, दहाला दिवा बंद. तुम्ही नऊला येता म्हणजे जेवायला सगळे एकत्र बसू शकाल, हे आणखी बरं.

हा सल्ला कुठे लागू पडणार नाही तेही सांगायला हवं. मुलगा दहावीत असता आणि फेब्रुवारी चालू असती तर मी पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवण्यावर भर दिला असता, सातवीच्या पुस्तकाकडे वळायला वेळ नसता. गृहपाठच करत नसता तर हे सगळं सोडून आधी रोज अर्धा तास बसण्याची सवय, बाकी नंतर. आणि एक शक्यता तपासून टाका: वाचताना अक्षरं-अंक उलटसुलट होणं, पाहून लिहितानाही आकडे बदलणं, तोंडी सगळं येऊन कागदावर न उतरणं असं लहानपणापासून असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. त्यासाठी ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते, आणि प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसह सवलती मिळतात. नववीतच केलेलं बरं, दहावीत धावपळ होते. वही बघून वरचं काही वाटत नसेल तर सोडून द्या.

शेवटी अपेक्षेबद्दल. पुढच्या घटक चाचणीत तेराचे तीस होणार नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे तर मुलगा तुम्हाला पूर्वीपेक्षा मागे पडल्यासारखा वाटेल: वही अपुरी, टिंबं पुष्कळ, चेहरा पडलेला. तेव्हा गुण बघण्याऐवजी पेपरातल्या 'को'च्या खुणा मोजा. कोऱ्या जागी चुकीची का होईना सुरुवात दिसायला लागली, की गाडी रुळावर आहे असं मी तरी समजते. 'को' कमी होऊन 'चु' वाढतील; तेव्हा सातवीचं पुस्तक.

पहिल्या सत्राची उत्तरपत्रिका बघून खुणा केल्यात की कोणत्या किती आल्या ते इथेच लिहा. फोटो टाकणार असाल तर मुलाचं आणि शाळेचं नाव झाका. भाग २ चे ११ गुण कुठे गेले तेही वेगळं सांगा, कारण भूमितीत सिद्धता पाठ करून लिहिलेल्या असतील तर तिथे थोडं वेगळं करावं लागेल.